तरुणपणी लिहिलेलं गाणं पुन्हा रेकॉर्ड करायचंय? कॅसेटपासून रिलीजपर्यंत सगळं

कॉलेजच्या दिवसांतलं स्वतःचं एखादं गाणं वहीत, कॅसेटवर किंवा नुसतंच डोक्यात पडून आहे आणि आता ते एकदा नीट रेकॉर्ड करावं असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी माझं नुकतंच करून घेतलं. शब्द माझे, चाल वर्गातल्या एका मित्राने लावलेली, गॅदरिंगला गायलो होतो आणि तेव्हा कुणीतरी स्टेजसमोर टेपरेकॉर्डर ठेवून ते टिपलं होतं म्हणून निदान कॅसेट तरी होती. स्टुडिओवाला त्याच्या कामापुरतं सांगतो, यूट्यूबवर माईक कुठला घ्यावा याचे ढीगभर व्हिडिओ आहेत, पण जुनं गाणं घेऊन जाणाऱ्याचे प्रश्न वेगळेच असतात. कॅसेट वाजवू की नको, पट्टी किती उतरवू, शब्द दुरुस्त करू का, मित्राला विचारावं लागेल का. हे एका जागी कुठे मिळत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको. पट्टी बिनधास्त बदला, वाद्यं बदला, लय थोडी इकडेतिकडे करा, पण शब्द आणि चाल यांना हात लावायच्या आधी दहादा विचार करा.

आधी एवढं जमवा

- गाण्याची वही, चिठ्ठी, स्मरणिकेचं पान, जिथे कुठे शब्द असतील ते
- जुनी कॅसेट आणि चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर किंवा डेक
- ३.५ मिमीची ऑडिओ केबल आणि साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे बाहेरचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारा डबा (कुणाकडून उसना मिळाला तरी चालतो)
- कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड आणि एडिट करायचं सॉफ्टवेअर, ते फुकट आहे
- हार्मोनियम, नाहीतर फोनवर तानपुऱ्याचं आणि मेट्रोनोमचं (टिकटिक करून लय धरून देणारं) अ‍ॅप
- चाल लावणाऱ्याचं आणि सहगीतकार असेल तर त्याचं संमतीपत्र
- पॅन कार्ड, आधार, बँकेचे डिटेल्स (रिलीजच्या वेळी लागतात)

१. कॅसेट वाजवायची घाई करू नका

वीस-तीस वर्षं कपाटात पडलेली कॅसेट सापडली की पहिली ऊर्मी येते ती लगेच लावून ऐकायची. थांबा. आधी कॅसेट उजेडात धरून खिडकीतून फितीच्या कडा बघा, पांढरट पावडरीसारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे. आपल्याकडे कोकणात, मुंबईत, जिथे पावसाळा लांब तिथे ही हमखास असते. अशी कॅसेट अजिबात वाजवू नका कारण ती बुरशी हेडला (फीत वाचणाऱ्या भागाला) लागते आणि मग त्याच मशीनवर लावलेल्या पुढच्या कॅसेटलाही लागते. जुन्या टेप साफ करून डिजिटल करून देणारी माणसं मोठ्या शहरांत अजून आहेत, हे काम त्यांच्याकडेच द्या.

कॅसेट स्वच्छ दिसत असेल तर:

पहिलं काम, मागच्या कडेला कोपऱ्यात दोन छोट्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात त्या मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं जाऊन गाणं पुसलं जायची भीती नाही. मग फितीच्या मध्यावर दाबणारा तो लहानसा फेल्टचा तुकडा जागेवर आहे का बघा, जुन्या कॅसेटमध्ये डिंक सुकून तो गळून पडतो आणि आवाज एकदम दबका येतो. टेपरेकॉर्डरचं हेड आणि रबरी रोलर इअरबडने पुसा, हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, ते मेडिकलमध्ये किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. मग कॅसेट एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण फॉरवर्ड आणि पूर्ण रिवाइंड करा म्हणजे एकमेकांना चिकटलेले फितीचे वेढे सुटतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिल्यांदा वाजवाल तेव्हाच रेकॉर्ड करा. आधी ऐकून बघू, मग केबल लावू असं नको, जुनी फीत दुसऱ्यांदा वाजेलच याची खात्री नसते. टेपरेकॉर्डरच्या हेडफोन किंवा लाइन आउटमधून केबल काढून इंटरफेसच्या लाइन इनला लावा. लॅपटॉपच्या माईकच्या भोकात घालू नका, तिथे सिग्नल फाटतो आणि बहुतेक वेळा मोनोच येतो. फोन स्पीकरसमोर धरून रेकॉर्ड करणं हे तर शेवटचा उपाय म्हणूनच ठेवा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाईल, आणि लेव्हल सर्वात मोठ्या आवाजाला उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील इतकीच.

एक सापळा इथेच सांगते. ऐकताना गाणं तुम्हाला आठवतं त्यापेक्षा वरच्या पट्टीत वाटलं तर लगेच 'तेव्हा आवाज काय चढायचा' असं समजू नका. टेपरेकॉर्डरचा बेल्ट आणि मोटर यांच्यामुळे स्पीड कमीजास्त होतो, साधारण सहा टक्के स्पीड वाढला की गाणं अख्खा अर्धा स्वर वर जातं. मागे हार्मोनियम असेल तर तिचे स्वर आत्ताच्या हार्मोनियमशी जुळवून बघा, दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी अडकलेलं वाटलं तर बहुतेक स्पीडचाच घोळ आहे (तेव्हाची पेटीच थोडी चढी असण्याचीही शक्यता असते, ते लक्षात असू द्या). ऑडॅसिटीमध्ये स्पीड बदला, नुसता पिच नाही, कारण कॅसेटवर लय आणि पट्टी दोन्ही एकत्रच सरकलेल्या असतात.

२. गाणं नक्की कुणाचं आहे ते बघा

हे बहुतेक जण शेवटी करतात आणि तिथेच अडकतात. 'माझं गाणं' असं आपण म्हणतो पण कायद्याच्या हिशोबात एका गाण्यात तीन वेगळ्या वस्तू असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे शब्द लिहिणाऱ्याचे, चाल लावणाऱ्याची, आणि रेकॉर्डिंग ज्याने करवून घेतलं त्याचं. शब्द आणि चालीचा हक्क त्या त्या माणसाच्या हयातीत आणि तो गेल्यावर पुढे ६० वर्षं टिकतो. म्हणजे चाल लावणारा मित्र आज हयात नसेल तर त्याच्या घरच्यांना विचारायचं. हे विचारणं जड जातं हे खरंय पण कराच, आणि खरं सांगू का, बहुतेक घरांत हे ऐकून आनंदच होतो.

मित्र जवळचा असला तरी नुसतं फोनवर 'कर की, विचारतेस काय' एवढ्यावर थांबू नका. दोन ओळी लिहून घ्या. मी साधारण असं लिहून घेतलं:

"अमुक या गाण्याचे शब्द अमुक यांचे असून चाल मी लावली आहे. हे गाणं नव्याने ध्वनिमुद्रित करून सर्व डिजिटल माध्यमांवर प्रसिद्ध करायला माझी संमती आहे. संगीतकार म्हणून माझं नाव द्यावं. चालीचे हक्क आणि त्यावरची रॉयल्टी माझ्याकडेच राहील."

खाली सही, तारीख, गाव. फोटो काढून मेलवर पाठवला तरी घरी मूळ कागद ठेवा.

तेव्हा गाणं एखाद्या कॅसेट कंपनीला दिलं असेल तर मात्र जुना करार शोधावाच लागतो. कायद्याच्या कलम १९ मध्ये सोय आहे की करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, पण ही सोय १९९४ च्या दुरुस्तीने आली आणि ती दुरुस्ती लागू व्हायच्या आधीच्या करारांना ती चालत नाही. त्यामुळे 'पाच वर्षं कधीच झाली' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर आधी करारावरची तारीख बघा. कंपनी बंद पडलीय आणि हक्क कुणाकडे गेले ते कळत नाही अशी स्थिती असेल तर वकिलाला एकदा दाखवा, त्याची फी पुढच्या भानगडीपेक्षा स्वस्त पडते.

कॉपीराइट नोंदवायलाच हवा असं नाही, लिहिल्यापासून तो असतोच. पण वहीखेरीज दुसरा पुरावा नसेल तर नोंदणी केलेली बरी. ती ऑनलाइन होते, शब्द आणि चाल यांचे वेगवेगळे अर्ज, प्रत्येकी ५०० रुपये, ध्वनिमुद्रणासाठी २००० रुपये.

३. शब्द आणि चाल जशीच्या तशी उतरवून काढा

जुन्या रेकॉर्डिंगवरून शब्द न् शब्द लिहा, वहीतले शब्द आणि गायलेले शब्द वेगळे निघतील, निघतातच, कारण तालमीत बदल झालेले असतात आणि वहीत ते कुणी उतरवत नाही. जे गायलंय ते खरं धरा. चालीचं नोटेशन येत असेल तर स्वर लिहा, नसेल तर पेटीवाल्याकडून करून घ्या, मधल्या म्युझिक पीससकट.

आता शब्द बदलायचा मोह. पन्नाशीत वाचल्यावर विशीतल्या ओळी कच्च्या वाटतात. माझ्या गाण्यात या ओळी आहेत:

कृष्णेच्या घाटावर पाणी उतरून गेलं
ओल्या पायऱ्यांवरती नाव तुझं राहिलं

'गेलं'ला 'राहिलं' हे काही चांगलं यमक नाही, आज लिहायला बसले तर दुसरी ओळ 'नाव उरून गेलं' अशी केली असती. पेटीवर तसं गाऊन पाहिलं. 'राहिलं' मधला 'रा' बरोब्बर समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येतो आणि मित्राने तिथे तो लांबवून खाली गंधारावर आणलाय, सगळ्या मुखड्याचा जीव त्या एका 'रा'त आहे. तिथे 'उरून' आलं की 'उ' वर काही टिकतच नाही, र्‍हस्व स्वर ओढला की कानाला खोटा लागतो. ओळ सुधारते आणि गाणं पडतं. तेव्हाच्या यमकाची अडचण संगीतकाराने चालीत सोडवलेली असते आणि आपण वही बघून दुरुस्त्या करतो तेव्हा ते आपल्या लक्षात नसतं. म्हणून नियम एकच, कुठलाही बदल कागदावर करायचा नाही, गाऊनच करायचा, आणि चाल लावणाऱ्याला ऐकवून.

बदलायचंच असेल तर कुठे? जिथे तेव्हा कुणाच्या जातीवर, दिसण्यावर टिंगल म्हणून काही लिहिलं गेलं असेल तिथे जरूर बदला. बाकी भाबडेपणा राहू दे, तो त्या वयाचा आहे आणि ऐकणाऱ्याला तोच आवडतो.

४. पट्टी ठरवा

इथे हट्ट नको. वयाबरोबर आवाज थोडा खाली येतो, बायकांचा तर पाळी गेल्यानंतर बऱ्याचदा चांगलाच उतरतो. मी तेव्हा काळी पाचमध्ये (पेटीच्या सप्तकातली पाचवी काळी पट्टी) गायचे, आता काळी चारमध्ये गायले, म्हणजे पूर्ण एक स्वर खाली.

कसं ठरवायचं: गाण्यातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची जागा शोधा. वरची जागा असलेली ओळ सलग तीनदा, गळा न आवळता, शब्द स्पष्ट ठेवून गाता आली पाहिजे. एकदा जमली म्हणजे जमली असं नाही, स्टुडिओत तीच ओळ पुन्हा पुन्हा गावी लागते. वरच्या षड्जावर 'ई' किंवा 'ए' येत असेल तर अजून अर्धा स्वर उतरवून बघा, हे स्वर वर आवळतात, 'आ' तितका आवळत नाही. आणि उतरवताना खालची जागा विसरू नका, मुखडा खर्जात सुरू होत असेल तर तिथे आवाज नुसता श्वासासारखा ऐकू येतो. दोन्हीच्या मधली पट्टी घ्या. सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा गाऊन बघा कारण सकाळी आवाज जड असतो आणि खालच्या जागा सोप्या वाटतात.

पट्टी एकदा ठरली की ती सगळ्यांना आधी कळवा. तबलजीला त्याप्रमाणे तबला आणावा लागतो, षड्जाला लावायचा की मध्यम-पंचमाला ते त्याचं तो बघेल, पण स्टुडिओत पोचल्यावर 'अर्धा स्वर खाली घेऊया का' म्हटलं की तासभर तिथेच जातो आणि मीटर चालूच असतो. बासरीवाल्याला तर वेगळी बासरीच लागते.

५. लय आणि डमी ट्रॅक

स्टेजवरच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये लय वाढत गेलेली असते, सगळ्यांचीच वाढते. त्यामुळे कॅसेटची लय मोजून तीच द्यायची असं करू नका. एकट्याने चालता चालता गाणं गुणगुणा, फोनवर रेकॉर्ड करा आणि मग मेट्रोनोम अ‍ॅपवर टॅप करून आकडा काढा. शब्द नीट ऐकू यायला हवेत म्हणून मला थोडी कमीच लय बरी वाटते पण केहरवा ताल फार संथ झाला की गाणं भजनाकडे झुकतं, ते तबलजीबरोबर बसून बघा.

मग मेट्रोनोमच्या त्या टिकटिकीवर, म्हणजे क्लिकवर, पेटी आणि तुमचा आवाज असा एक कच्चा ट्रॅक घरीच करा. याला डमी किंवा स्क्रॅच म्हणतात. तो अरेंजरला, म्हणजे वाद्यांची मांडणी करणाऱ्या संयोजकाला द्या, सोबत जुनी कॅसेटची फाईल आणि मोठ्या अक्षरातले शब्द. एवढं हातात असलं की पुढचं काम निम्म्या वेळात होतं.

६. अरेंजर आणि स्टुडिओ

अरेंजरला पहिल्याच भेटीत सांगा, जुन्यातलं काय राहायलाच हवं. माझ्याकडे एक पेटीचा पीस होता अंतऱ्याच्या आधीचा, तो बदलायचा नाही एवढीच अट होती, बाकी त्याला मोकळीक. काहीच सांगितलं नाही तर पॅड (कीबोर्डवरचे लांब सूर), रेडीमेड लूप (आधीच वाजवून ठेवलेले, फिरत राहणारे तुकडे) आणि इंग्लिश ड्रम्स घालून गाणं अनोळखी होऊन परत येतं.

रेडीमेड लूपबद्दल अजून एक, तोच लूप जगात हजारो जण वापरत असतात, त्यामुळे यूट्यूबवर कंटेंट आयडीचे (सारखा आवाज आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेचे) क्लेम येतात. शक्य असेल तिथे तबला, ढोलकी, बासरी माणसाकडूनच वाजवून घ्या. खर्च वाढतो पण या प्रकारच्या गाण्याला त्याशिवाय मजा नाही.

पैसे ठरवताना या गोष्टी बोलून घ्या, शक्यतो व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी:
- दर तासावर की शिफ्टवर, आणि शिफ्ट किती तासांची
- वादकांचं मानधन आत की वेगळं
- मिक्सिंगमध्ये किती वेळा बदल करून मिळतील
- शेवटी तुमच्या हातात काय येणार: फायनल वेव्ह, मायनस ट्रॅक (गायकाचा आवाज वगळून नुसती वाद्यं), आणि प्रत्येक वाद्याची वेगळी फाईल

शेवटचा मुद्दा आधी बोलला नाही तर नंतर त्याचे वेगळे पैसे मागतात. मायनस ट्रॅक तर हवाच, उद्या कुठे कार्यक्रमात गायचं झालं तर.

७. डबिंगचा, म्हणजे आवाज रेकॉर्ड करायचा दिवस

आदल्या रात्री झोप पूर्ण, सकाळी कोमट पाणी, तेलकट नको, हे सगळ्यांना माहीत असतं. न सांगितलं जाणारं सांगते. शब्दांचा कागद हातात धरू नका, स्टँडवर ठेवा, कागदाची सळसळ कंडेन्सर माईक लगेच पकडतो. चष्मा लागत असेल तर अक्षरं चष्म्याशिवाय दिसतील इतकी मोठी छापा. बांगड्या, मंगळसूत्र, घड्याळ काढून ठेवा.

माईकपासून साधारण एक वीत अंतर, मधे पॉप फिल्टर (तोंडाचा वारा अडवणारी जाळी). मराठीत भ, फ, ध, ठ असली महाप्राण अक्षरं भरपूर, त्यांचा वारा सरळ माईकवर आदळतो आणि 'भप्प' असा ठोका येतो, म्हणून तोंड माईकच्या अगदी समोर न ठेवता किंचित बाजूला ठेवा. हेडफोन एका कानावरून थोडा सरकवून गायलात तर स्वतःचा खरा आवाज ऐकू येतो आणि सूर सांभाळायला बरं पडतं, फक्त क्लिकचा आवाज कमी ठेवायला सांगा नाहीतर तो माईकमध्ये येतो.

आधी दोन-तीन पूर्ण टेक घ्या, मुखड्यापासून शेवटपर्यंत, न थांबता. ओळी-ओळीने पंच करत (तेवढाच तुकडा रेकॉर्ड करत) गेलं की सूर बिनचूक येतो पण गाण्याचा ओघ तुटतो. पूर्ण टेकमधला सगळ्यात चांगला धरायचा आणि त्यात फक्त चुकलेल्या जागा पुन्हा गायच्या. ऑटोट्यून (सूर आपोआप दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर) हलका ठेवा असं आधीच सांगा, तो जास्त झाला की मींड आणि खटके सपाट होतात आणि भावगीताच्या वळणाच्या गाण्यात तर ते लगेच कळतं.

८. मिक्सिंग

स्टुडिओच्या मोठ्या स्पीकरवर सगळंच छान वाटतं. घरी येऊन फोनच्या स्पीकरवर, साध्या इअरफोनवर आणि गाडीत ऐका, आणि गाणं माहीत नसलेल्या एखाद्याला ऐकवून शब्द लिहून काढायला सांगा. ज्या शब्दांवर तो अडतो तिथे आवाज थोडा वर हवाय. 'अजून लाऊड करा' असा आग्रह नको, स्पॉटिफायसारखे प्लॅटफॉर्म गाणी साधारण उणे १४ लफ्सच्या (LUFS, आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं माप) पातळीवर आणून वाजवतात, त्यामुळे दाबून मोठं केलेलं गाणं तिथे उलट चपटं वाटतं.

९. रिलीज

डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गाणी ऑनलाइन पोचवून देणारी कंपनी, त्यांच्यामार्फत गाणं सगळ्या प्लॅटफॉर्मवर जातं. लागतं काय: वेव्ह फाईल, ३००० बाय ३००० पिक्सेलचं चौकोनी चित्र, आणि गीतकार, संगीतकार, गायक, संयोजक, वादक सगळ्यांची नावं. नावांचं स्पेलिंग एकदा ठरवा आणि प्रत्येक ठिकाणी तेच टाका, एका अक्षराने चुकलं तरी प्लॅटफॉर्मवर दोन वेगळे कलाकार तयार होतात. भाषा मराठीच निवडा. तारीख तीन-चार आठवडे पुढची घ्या.

प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकांचा कोड असतो. जुनं रेकॉर्डिंग कधी प्रसिद्ध झालं असेल तर त्याचा कोड नव्याला वापरू नका, हे नवीन ध्वनिमुद्रण आहे, कोडही नवीन. जुनी कॅसेटही लोकांना ऐकवायची असेल तर ती वेगळा ट्रॅक म्हणून टाका, आणि त्यात कोरसला कोण कोण होतं त्यांना आधी विचारा.

गीतकार आणि संगीतकार म्हणून आयपीआरएसचं (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) सभासदत्व घ्या आणि गाणं तिथे नोंदवा, ही संस्था १९६९ पासून आहे आणि रेडिओ, कार्यक्रम, स्ट्रीमिंगवर गाणं वाजल्याची रॉयल्टी शब्द आणि चाल या दोघांना देते. डिस्ट्रिब्युटरकडून येतो तो रेकॉर्डिंगचा पैसा, हा वेगळा, आणि नवीन लोक हाच सोडून देतात. नोंदवताना मित्राचा वाटा बरोबर भरा.

आणि डिस्ट्रिब्युटर निवडताना बघा, काही जण दरवर्षी फी घेतात आणि ती भरली नाही तर गाणं उतरवतात. फीचं कार्ड बदललं, मेल वाचायची राहिली की झालं. अकाउंटचा ईमेल, पासवर्ड, संमतीपत्रं आणि सगळ्या वेव्ह फायली एका हार्ड डिस्कवर ठेवा, दुसरी प्रत क्लाउडवर, आणि हे कुठे आहे ते मुलाबाळांपैकी कुणाला तरी दाखवून ठेवा, कारण तुमच्यानंतर ६० वर्षं तुमच्या शब्दांचे हक्क त्यांच्याकडे असणार आहेत.